‘आता या वयात?’ हे उत्तर नव्हे

सदतीस वर्षांच्या बाईने एमबीबीएसला जायचे म्हटले, की आपल्या मोहल्ल्यात तिला एकच वाक्य ऐकू येते: ‘आता या वयात?’ वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते, पण बोलणाऱ्याने निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. मी सोलापुरात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बारावी सायन्स झाले, मग जीएनएम केले, मग लग्न आणि दोन मुले. गेले वर्षभर मी नीटचा अभ्यास करावा की नाही, याचा विचार करते आहे. या वर्षात ‘आता या वयात?’ हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यावर सविस्तर लिहायलाच हवे असे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. उशिरा मेडिकलला जाणे शहाणपणाचे की नाही, हे फक्त वयावरून ठरत नाही. ते चार हिशेबांवरून ठरते: वर्षांचा, पैशाचा, घरकामाचा आणि हेतूचा. हे हिशेब मांडल्यावर बहुतेकांचे उत्तर ‘नको’ असेच येईल. तसे आले तर त्यात कमीपणा नाही. पण हिशेब मांडूच न देता दिलेला नकार आपण मान्य करता कामा नये. ज्या घरात मुलीचे शिक्षण थांबवण्याचा निर्णय पाच मिनिटांत झाला होता, त्या घराने ते पुन्हा सुरू करण्यासाठी निदान एक संध्याकाळ तरी बसून बोलावे, एवढी माझी मागणी आहे.

उशीर आपोआप होत नाही

मी बारावी झाले ते वर्ष २००६. त्याच वर्षी सच्चर समितीचा अहवाल आला आणि मुस्लिमांच्या शिक्षणातील गळतीवर देशभर चर्चा झाली. समाज मागे का, यावर व्याख्याने झाली, परिसंवाद झाले. आमच्या गल्लीत मात्र त्या वर्षी माझ्या वर्गातल्या तीन मुलींची लग्ने झाली. त्यातली एक जीवशास्त्रात वर्गात पहिली होती.

हे सांगायचे कारण असे, की आपण उशिराविषयी बोलताना तो पावसासारखा आकाशातून पडल्यासारखे बोलतो. ‘तुझे वय निघून गेले’ असे म्हणतो. वय निघून जात नाही, ते कशात तरी खर्च होते. कुणाच्या तरी बाळंतपणात, कुणाच्या आजारपणात, दिराच्या शिक्षणात, सासऱ्यांच्या पॅरालिसिसमध्ये. माझ्या ओळखीतली एक बाई बारावीनंतर दहा वर्षे बिड्या वळत होती. त्या पैशावर तिचा धाकटा भाऊ इंजिनिअर झाला. आज तिने बी.एस्सी. नर्सिंगचे नाव काढले तर तोच भाऊ तिला वय मोजून दाखवतो. तिची वर्षे कुठे गेली हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

म्हणून पहिली गोष्ट मान्य करू. उशिरा शिकायला येणारी व्यक्ती मागे पडलेली नसते. तिने आधी दुसऱ्यांचा हप्ता भरलेला असतो.

नियम काय सांगतो

कायद्याच्या बाजूने पाहिले तर दार उघडे आहे. २०१८ च्या जानेवारीत तत्कालीन मेडिकल कौन्सिलने नियमात बदल करून नीट-यूजीसाठी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३० वर्षांची कमाल मर्यादा घातली होती. प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचविशी ओलांडलेल्यांना अंतिम निकालाच्या अधीन राहून अर्ज भरू दिला. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ही मर्यादाच काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो जाहीर झाला. आता फक्त किमान वयाची अट उरली आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण.

बारावीला जीवशास्त्र नव्हते म्हणून वाट बंद झाली असे समजणाऱ्यांसाठीही एक बदल झाला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्पष्ट केले, की बारावीनंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण केला असेल तरी चालेल.

पण दार उघडे असणे वेगळे आणि आत जागा मिळणे वेगळे. नीटला दरवर्षी वीस लाखांहून अधिक उमेदवार बसतात. देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून अधिक आहेत आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी आहेत. पेपर ७२० गुणांचा. २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. निम्मे गुण जीवशास्त्राचे, त्यात नर्सला थोडा हात मिळतो. उरलेले निम्मे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे. वीस वर्षांपूर्वी सोडलेले भौतिकशास्त्र वॉर्डातल्या अनुभवाने परत येत नाही. सलाईनचे थेंब मोजता येतात म्हणून द्रवगतिकीचे गणित सुटत नाही. शेजारच्या बाकावर बसलेली अठरा वर्षांची मुलगी दोन वर्षे दुसरे काहीही न करता फक्त हाच अभ्यास करून आलेली असते. हे नीट समजून घेतल्याशिवाय अर्ज भरू नये.

वर्षांचा हिशेब

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून पदवी घेतली तर त्यानंतर एक वर्ष शासनाची सेवा करावी लागते. एमडी किंवा एमएस करायचे तर पुन्हा नीट-पीजी आणि आणखी तीन वर्षे. पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावी लागते आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत सगळा अभ्यासक्रम संपवावा लागतो. त्यामुळे ‘हळूहळू करू’ हा पर्यायच नाही.

माझे गणित असे आहे. दोन प्रयत्न धरले तर प्रवेश एकोणचाळिसाव्या वर्षी. पदवी आणि इंटर्नशिप संपेल तेव्हा मी पंचेचाळिशीत असेन. सेवेचे वर्ष संपेल तेव्हा सेहेचाळीस. विशेषज्ञ व्हायचे म्हटले तर पन्नाशी गाठते. पासष्टीपर्यंत तब्येतीने साथ दिली, तर साधी एमबीबीएस डॉक्टर म्हणून मला एकोणीस-वीस वर्षे मिळतात. ही वर्षे कमी नाहीत. पण सर्जन व्हायचे स्वप्न असेल तर ते मी आजच बाजूला ठेवायला हवे, आणि मी ते ठेवले आहे.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नीटला वयाची कमाल अट नसली, तरी नोकरीला असते. राज्य शासनाच्या नोकरीत प्रवेशाची सर्वसाधारण मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. पंचेचाळीसाव्या वर्षी डॉक्टर होणाऱ्या व्यक्तीने कायम सरकारी नोकरीच्या आशेवर हिशेब मांडू नये. तिच्यासमोर कंत्राटी पद, खासगी रुग्णालय किंवा स्वतःचा दवाखाना हे मार्ग उरतात. मोहल्ल्यातला छोटा दवाखाना हेच माझे उद्दिष्ट असल्याने मला ही अट अडत नाही. ज्याला पेन्शनची सुरक्षा हवी आहे, त्याला ती नक्की अडेल.

पैशाचा हिशेब

सरकारी महाविद्यालयाची फी खासगीच्या तुलनेत फार कमी असते. खासगीत ती कित्येक पटींनी वाढते आणि मॅनेजमेंट कोट्याचे आकडे तर पॉवरलूमच्या गावात उच्चारायचेसुद्धा नाहीत. राज्य शासनाने २०२४-२५ पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे. विवाहित आणि वयाने मोठ्या विद्यार्थिनीने ही सवलत आपल्याला कशी लागू होईल, कुणाचे उत्पन्न धरले जाईल, हे प्रवेशाआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर घर गहाण पडते.

इथे आपल्या समाजातले एक जुने दुखणे आडवे येते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. तरीही ‘आमच्यात जात नसते’ या अभिमानापायी शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘मुस्लिम’ लिहिलेले असते. अठराव्या वर्षी दाखला काढताना वडील असतात, आजोबांचा कागद शोधता येतो. चाळिशीत माहेरचे कागद गोळा करणे, जात पडताळणी करून घेणे, नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र मिळवणे यात एक अख्खे वर्ष जाऊ शकते. उशिरा शिकणाऱ्याने अभ्यासाच्या पुस्तकाआधी हे कागद हातात घ्यावेत.

पण खरा खर्च फीचा नसतो. तो न मिळालेल्या पगाराचा असतो. मला महिन्याला बावीस हजार मिळतात. साडेपाच वर्षे, म्हणजे सहासष्ट महिने ते बंद झाले, की साडेचौदा लाख रुपये गेले. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते, पण त्यावर चौघांचे घर चालत नाही. त्या काळात माझ्या मुलीचे कॉलेज सुरू होईल. तिची फी आणि माझी फी एकाच महिन्यात आली तर पहिली कोणाची भरायची, याचे उत्तर माझ्याकडे तयार आहे: तिची. माझ्या उशिराची किंमत तिच्या वेळेने चुकवली जाणार असेल, तर मी फक्त उशीर पुढच्या पिढीकडे सरकवला असे होईल.

नीटमध्ये गुण कमी पडले की एजंटांचे फोन सुरू होतात. ‘मॅडम, परदेशात वयाची अटच नाही.’ किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, रशिया. ते जे सांगत नाहीत ते असे: परदेशी जायलाही नीट उत्तीर्ण व्हावेच लागते. २०२१ च्या नियमानुसार तिथे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. परत आल्यावर भारतातली परीक्षा द्यावी लागते, आणि पुन्हा एक वर्ष इथे इंटर्नशिप. त्या परीक्षेत अनेक सत्रांमध्ये उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून बरेच खाली राहिले आहे. विशीतल्या मुलाला नापास होऊन पुन्हा बसायला वेळ असतो. चाळिशी ओलांडलेल्या आईला तो वेळ विकत मिळत नाही.

घरकामाचा हिशेब

हा हिशेब कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसतो आणि बहुतेक निर्णय यावरच मोडतात.

वैद्यकीय महाविद्यालयात थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी कुणाला तरी घरी थांबावे लागते. आजवर ते ‘कुणीतरी’ मी होते, मी ड्युटीवर असेन तर सासूबाई. त्यांचे गुडघे आता भरलेली घागर उचलू देत नाहीत. तीन वेळचा स्वयंपाक, रमजानमध्ये पहाटेची सेहरी, मुलाची शिकवणी, सासूबाईंची दर महिन्याची तपासणी, नात्यातली लग्ने आणि मयती. या प्रत्येक गोष्टीपुढे एक नाव लिहावे लागते. आतापर्यंत त्या सगळ्यांपुढे एकच नाव होते.

आम्ही हे कागदावर लिहिले. माझे पती टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘जागा दुसऱ्या गावात मिळाली तर?’ प्रश्न रास्त आहे. सरकारी महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि बाकीच्या राज्याच्या यादीतून भरल्या जातात. गुणांप्रमाणे सोलापूर मिळेल किंवा नंदुरबार आणि गोंदियाही मिळेल. साडेपाच वर्षे हॉस्टेलवर, लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर एका खोलीत राहायची तयारी माझी आहे का, आणि माझ्याविना घर चालवायची तयारी त्यांची आहे का? आम्ही ठरवले, की सोलापूर किंवा फार तर रोज किंवा आठवड्याला जाऊन येता येईल असे अंतर. त्यापलीकडची जागा मिळाली तर सोडून द्यायची.

सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. ‘अब क्या डॉक्टर बनना है? बच्ची की शादी देख,’ असे त्या म्हणाल्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्या पिढीला बाईच्या आयुष्यात फक्त दोनच तारखा माहीत होत्या, स्वतःच्या लग्नाची आणि मुलीच्या लग्नाची. पण मी त्यांना एवढेच सांगितले, ‘अम्मी, बच्ची पंधरा वर्षांची आहे. तिच्या लग्नाआधी तिची आणि माझी, दोघींची पदवी होईल.’ त्या हसल्या. होकार दिलेला नाही, पण पाण्याच्या दिवशी पंप सुरू करायचे काम नातवाला शिकवायला घेतले आहे.

हेतूचा हिशेब

शेवटचा हिशेब सगळ्यात अवघड. मला डॉक्टर का व्हायचे आहे?

मान मिळावा म्हणून असेल, तर साडेपाच वर्षे ही फार महाग किंमत आहे. पंधरा वर्षांच्या नर्सिंगनंतरही राउंडवर आलेला नवखा डॉक्टर ‘ए सिस्टर’ म्हणून हाक मारतो, याचा राग मला येतो. पण रागावर पदवी पूर्ण होत नाही.

त्यासाठी मी इतिहासात पाहिले. सिसिली सॉन्डर्स ही इंग्लंडमधली नर्स. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडून ती रुग्णालयातच समाजसेविका झाली. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांच्या वेदनांवर तिला काम करायचे होते. एका सर्जनने तिला सुचवले, की डॉक्टर झाल्याशिवाय तुझे कुणी ऐकणार नाही. १९५१ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी ती मेडिकलला गेली, १९५७ मध्ये डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आजच्या वेदनाशामक उपचारांच्या शाखेची ती एक मोठी सुरुवात होती. तिला पदवी हवी होती ती एका ठरावीक कामासाठी, जे पदवीशिवाय अडले होते.

हाच निकष मी स्वतःला लावला. माझे कोणते काम पदवीशिवाय अडते? संध्याकाळी घरी परतल्यावर गल्लीतल्या बायका माझ्याकडे येतात. अंगावरून जाते, गाठ लागते, लघवीला जळजळ होते. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही, लांबच्या रुग्णालयात जायला घरून सोडत नाहीत, म्हणून महिनोन् महिने अंगावर काढतात. मी रक्तदाब तपासू शकते, समजावू शकते, बरोबर जाऊ शकते. निदान करून औषध लिहून देणे हा माझा अधिकार नाही, आणि तसे करणाऱ्या बोगस दवाखान्यांच्या मी विरुद्ध आहे. तिथे माझे काम अडते.

पण प्रामाणिकपणे पाहिले तर या कामाचा मोठा भाग एमबीबीएसशिवायही होतो. जीएनएम झालेल्या नर्सला पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांत करता येते. उपकेंद्राच्या आरोग्यवर्धिनीत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करण्यासाठी नर्सना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. २०१८ नंतर केंद्र सरकारने मिडवाइफ तयार करण्यासाठी दीड वर्षाचा अभ्यासक्रम आणला आहे. अनेक जण बीयूएमएसकडे सोपा रस्ता म्हणून पाहतात, पण तिथेही नीट आहे आणि इंटर्नशिप धरून तितकीच साडेपाच वर्षे आहेत. युनानीवर श्रद्धा आणि अभ्यासाची ओढ असेल तरच तिकडे जावे, एमबीबीएस हुकले म्हणून नव्हे.

म्हणून माझा निर्णय असा झाला आहे. दोन प्रयत्न, फक्त सरकारी जागा, फक्त जाऊन येण्याजोगे अंतर. दुसऱ्या प्रयत्नानंतर निकाल काहीही येवो, तिसरा नाही. जागा मिळाली नाही तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यानंतर मिडवाइफरी. हा दुसरा रस्ता मी हरल्याची खूण म्हणून ठेवलेला नाही. कदाचित गल्लीतल्या बायकांना तोच लवकर उपयोगी पडेल. थांबायची रेषा आधीच आखल्यामुळे मला निर्धास्तपणे सुरुवात करता येते, आणि घरच्यांनाही ठाऊक आहे की ही परीक्षा किती वर्षे घरात राहणार आहे.

कौतुकाने भागत नाही

२०२० च्या नीटमधून ओडिशातले स्टेट बँकेचे एक निवृत्त अधिकारी चौसष्टाव्या वर्षी बुर्ला येथील सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला गेले. ती बातमी आजही मोबाइलवर फिरते आणि मला दर महिन्याला कुणीतरी पाठवते. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण ती बातमी पाठवणाऱ्याने माझ्या घरातला एकही दिवस सोपा केलेला नाही. नोकरी पूर्ण करून, संसाराची जबाबदारी बऱ्याच अंशी पार पाडून शिकायला जाणारा माणूस आणि पाण्याची वेळ सांभाळून शिकणारी आई यांच्या हिशेबात फार अंतर आहे. प्रेरणादायी कथा सांगणाऱ्या समाजाला हे अंतर दिसत नाही, किंवा पाहायचे नसते.

रखमाबाईंचे उदाहरण याउलट आहे. अकराव्या वर्षी लग्न, मग नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला न जाण्यासाठी १८८४ पासून चार वर्षे गाजलेला खटला. १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या तेव्हा त्यांनी पंचविशी गाठली होती, त्या काळच्या मोजमापाने फार उशीर. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोटला त्यांनी आयुष्यभर स्त्रियांवर उपचार केले. त्यांच्या शिक्षणासाठी मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची आणि इतर समर्थकांनी पैसा उभा केला होता. त्यांच्यामागे कौतुक होते आणि निधीही होता.

आपल्याकडे आज निधी नाही असे नाही. दर रमजानमध्ये जकातीतून, देणग्यांतून शिष्यवृत्त्या वाटल्या जातात आणि त्यातून खरेच अनेक मुले शिकतात. मी दोन ट्रस्टांकडे चौकशी केली. एकीकडे वयाची अट पंचवीस होती. दुसऱ्या ठिकाणी अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना सक्तीचा होता. माझे वडील जाऊन नऊ वर्षे झाली. पतीचा व्यवसाय लिहायला जागा नव्हती, आणि माझा स्वतःचा व्यवसाय विचारायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. तो अर्ज कुणी वाईट हेतूने छापला नसेल. पण शिकणारी व्यक्ती म्हणजे वडिलांच्या घरातले मूल, हे त्यात गृहीत धरले होते.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी वयाची अट काढून योजनेची अट घालावी: किती प्रयत्न, कोणती जागा, पगार बंद झाल्यावर घर कसे चालणार, जागा न मिळाल्यास पुढे काय. हे लिहून देणाऱ्या चाळीस वर्षांच्या अर्जदाराला नकार देण्याआधी निदान बोलावून घ्यावे. दुसरे, दहावी-बारावीच्या निकालानंतर होणाऱ्या करिअर मार्गदर्शन शिबिरांत एक सत्र शिक्षण सुटलेल्यांसाठी ठेवावे. पालक म्हणून मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या आयांपैकी कितीतरी जणी स्वतःसाठी काही विचारायला आलेल्या असतात आणि न विचारता परत जातात. तिसरे घरातल्या पुरुषांना सांगणे आहे: परवानगी पुरत नाही. ‘मी कधी अडवले नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातल्या कोणत्या दिवसाचा स्वयंपाक आपल्या नावावर घेतला, तेही सांगावे.

आणि ज्या मैत्रिणी, ज्या भाऊबंदांच्या मनात हा प्रश्न आहे, त्यांना एवढेच सांगते. कुणी ‘आता या वयात?’ म्हणाले तर भांडू नका, वही काढा. वर्षे, पैसे, घर आणि हेतू यांचे चार रकाने आखा आणि त्याच माणसाला समोर बसवून भरायला लावा. उत्तर ‘नको’ आले तर ते तुमचे स्वतःचे उत्तर असेल आणि त्यासोबत जगता येईल. ‘हो’ आले तर ज्या हातांनी ते रकाने भरले, त्यांच्याकडे मदत मागायचा हक्क तुम्हाला मिळालेला असेल.